सात तोंडांचा वाटा

"चौदा हजार वस्तू माझ्या एकट्याच्या नजरेखाली असतात. फरशा, कड्या, बिजागऱ्या, संडासाची भांडी. सहा वर्षांत गोदामातून एक स्क्रू हरवलेला नाही. आणि मला तुम्ही चार भाज्या सांभाळायला शिकवणार?"

हे मी साडूला फोनवर ऐकवलं ते शनिवारी सकाळी दहाला. साडेदहाला टेम्पो आला. अकरा वाजता मी आंघोळीच्या बादलीत पालक उभा करत होतो आणि बायको बाथरूमच्या दारात उभी राहून विचारत होती, "मग आता आंघोळ कुठे करायची? फ्रिजमध्ये?"

फ्रिजमध्येही जागा नव्हती.

झालं होतं असं. शहरापासून तासाभरावर एका कुटुंबाची सेंद्रिय शेती आहे. आई, दोन मुलगे, दोन सुना, सगळे शेतातच राबतात. दर हंगामात ते मोजक्या घरांना वाटेकरी करून घेतात. एकदा वाटेकरी झालात की दर शनिवारी शेतात जे निघेल त्यातला तुमचा वाटा दारात येऊन पडतो. काय निघेल ते तुम्ही सांगायचं नाही. तेही सांगत नाहीत. जमिनीच्या मनात येईल ते. आणि वाटा माणशी. घरात जेवढी तोंडं, तेवढे हिस्से.

माझ्या बायकोने तिथे दोन वर्षांपासून नाव घालून ठेवलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीने दीड वर्षापासून. या सहा महिन्यांच्या फरकावर माझी बायको जगत होती.

"लहानपणी सायकल आधी तिला," ती म्हणायची. "चष्मा आधी तिला."

"चष्म्याचं काय कौतुक?"

"तेव्हा मलाही हवा होता. लग्न आधी तिचं. गच्चीचं घर आधी तिला. एवढ्या एकाच यादीत मी तिच्या वर आहे. हा वाटा तिच्याकडे गेला ना, तर उरलेलं आयुष्य मी तिच्या घरी बसून तिची गाजरं वाखाणत राहणार. आणि तुम्ही माझ्याशेजारी बसून मान हलवणार."

मान मी आधीच पुष्कळ हलवली होती. साडू विमा एजंट आहे. त्याच्यासमोर मान हलवली की सही करावी लागते.

हंगामाआधी शेतावर बोलावणं आलं. दोन्ही बहिणी, दोन्ही घरं, एकाच दिवशी. तिथली आई, जिला सगळे मोठ्या बाई म्हणतात, सत्तरीची, पायात गमबूट, कमरेला कात्री. तिने आम्हाला नीट न्याहाळलं. लिंबू घेताना न्याहाळतात तसं, दाबून बघायचं बाकी ठेवलं.

"जागा एकच आहे," ती म्हणाली. "यादीबिदी सून बघते. मी माणसं बघते. भरलं घर असेल तर सांगा. दोन-तीन माणसांची घरं मला नकोत. भाजी नासवतात, आणि राबायला बोलावलं की कंबर दुखते."

साडू तेव्हा गाडी सावलीत लावायला गेला होता. त्याच्या घरात चार माणसं: तो, मेहुणी आणि नऊ वर्षांच्या जुळ्या मुली. आमच्या घरात तीन: मी, बायको आणि माझे बाबा. चाराला तीन म्हणजे आम्ही गेलोच. बायका पलीकडे गाजरांचा वाफा बघत होत्या. साडूला सावली सापडायच्या आत जे काही करायचं ते करणं भाग होतं.

"आमचं एकत्र कुटुंब आहे," मी म्हणालो. "सात माणसं."

मोठ्या बाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आठ म्हणायला हवं होतं. त्यांनी फॉर्म पुढे केला, मी सही ठोकली. साडू घाम पुसत आला तोवर हंगाम आमचा झाला होता. त्याने सभ्यपणे अभिनंदन केलं, आणि जाताना फळीवरचा एक कोरा फॉर्म उचलून खिशात घातला. "पुढच्या खेपेला," म्हणाला.

बायको परतीच्या वाटेवर गाणं गुणगुणत होती. सात माणसांचं मी तिला सांगितलं नाही. ते तिला पहिल्या शनिवारी क्रेटवरच्या चिठ्ठीने सांगितलं.

"माणसं सात? सात कोण?"

"मी, तू, बाबा..."

"हे तीन झाले."

"बाबांना दोनदा धरलं."

"चार. पुढे?"

"पुढचे येणारे-जाणारे."

"आपल्याकडे कोण येतं-जातं? मीटर बघणारा?"

तीन क्रेट होते. पालक, मुळा, बीट, तीन कोबी आणि अकरा नवलकोल. नवलकोल ही मी तोवर लांबूनच पाहिलेली भाजी होती. हिरवा चेंडू, त्याला फुटलेल्या दांड्या, जणू कुणाचं तरी ऐकायला वर केलेले कान. बाबांनी तिन्ही क्रेट हात घालून तळापर्यंत तपासले.

"यात बटाटा कुठंय?"

"अजून निघाला नाही, बाबा."

"मग हे सगळं कशाला आणलंय?"

माझे बाबा आयुष्यभर बटाट्यावर जगले आहेत. बाकीच्या भाज्या ते पाहुण्यांना देतात. तेव्हा सात माणसांचा वाटा खायला प्रत्यक्षात दोनच तोंडं उरली, आणि त्यातलं एक रागाने मिटलेलं होतं.

पण मी घाबरलो नाही. गोदामाचा साधा नियम आहे: आधी आलेला माल आधी बाहेर. मी फ्रिजला फळीवार क्रमांक दिले. प्रत्येक भाजीला तारखेची चिठ्ठी चिकटवली. दारावर तक्ता लावला. पहिल्या आठवड्यात पहिल्या शनिवारची भाजी संपवायची, मग दुसऱ्या शनिवारची काढायची. पद्धतीत काही चूक नव्हती. फक्त पहिल्या शनिवारची भाजी पहिल्या आठवड्यात संपली नाही. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात आम्ही मऊ मुळे खात होतो आणि ताजे मुळे फळी क्रमांक तीनवर मऊ व्हायची वाट बघत होते. तिसऱ्या आठवड्यात बायकोने तक्ता फाडला.

"आपण या घरात एकदाही ताजी भाजी खाल्लेली नाही," ती म्हणाली. "सेंद्रिय शेतीचा वाटा घेऊन!"

"पण क्रम चुकलेला नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फ्रिजच्या उघड्या दारामागे सरकलो.

मग वाटायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेला पहिल्यांदा कोबी दिला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा ती "अय्या, परत?" म्हणाली. चौथ्यांदा लिफ्टचं दार उघडलं, आत मी दोन पिशव्या घेऊन उभा दिसलो, तर ती, गुडघे दुखणारी बाई, जिन्याने पळाली. रखवालदाराच्या खोलीत मी गुपचूप बीट ठेवून आलो. संध्याकाळी सूचनाफलकावर लागलं: 'बेवारस पिशवी सापडली आहे. ओळख पटवून न्यावी.' बीटची ओळख काय पटवायची? दोन दिवसांनी रखवालदाराने स्वतःच आणून दिली. "साहेब, चिठ्ठीवरचं अक्षर तुमचं आहे." तारीख मीच चिकटवली होती.

साडूकडे तेवढं काही पाठवता येत नव्हतं. त्याच्या घरी एक मुळा जरी गेला असता, तरी मेहुणीने फोन करून "काय गं, संपत नाही का?" विचारलं असतं, आणि माझ्या बायकोने तो मुळा माझ्यावर वापरला असता. उलट ती दर रविवारी बहिणीला फोन करायची. "पुरतच नाही गं ताई, हातोहात संपतं." हे ती बोलायची तेव्हा फोन उजव्या कानाला असायचा आणि डाव्या हाताने ती गळायला लागलेल्या कोबीची पानं सोलत असायची.

शेवटी मी नवलकोल गोदामात नेले. एका रिकाम्या खोक्यात भरून मागच्या कोपऱ्यात ठेवले. विचार हा की हमाल, गाडीवाले येता-जाता उचलतील. सोमवारी एका ठेकेदाराचा फोन आला.

"साहेब, बारा कमोडच्या टाक्या मागवल्या होत्या."

"हो, गेल्यात ना."

"अकरा आल्यात. बाराव्या खोक्यात भाजी आहे."

मी पावतीपुस्तक उघडलं.

"ती बसवायची कशी?"

सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या गोदामातून चुकीचा माल बाहेर गेला होता. मालकाने मला केबिनमध्ये बोलावून फक्त एवढंच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं सातवर अडलं होतं. आणि सहाव्या शनिवारी चिठ्ठी आली.

टेम्पो चालवणारा मोठ्या बाईंचा धाकटा मुलगा. त्याने ती क्रेटवर खोचून वर तोंडीही सांगितलं. "उद्या नाही, पुढच्या रविवारी बटाटे. सगळ्या घरांनी यायचं. जेवढी तोंडं तेवढ्या ओळी. तुमच्या सात."

"आणि कुणाला जमलं नाही तर?"

"आई ओळी मोजते," तो म्हणाला. "ओळ रिकामी राहिली की घर यादीतून जातं. पुढचा नंबर लागतो."

"पुढचा नंबर कोणाचा?" बायकोने आतून विचारलं. तिला माहीत होतं.

त्याने खिशातून कागद काढून वाचला. नंबर मेहुणीचाच होता.

टेम्पो गेला. बाबांनी "बटाटे" एवढा एकच शब्द ऐकला होता आणि ते कपाटातून जुने बूट काढत होते. बायको खुर्चीवर बसली, उठली, परत बसली.

"खरं सांगून टाकू या का?" मी म्हणालो. "तीनच आहोत म्हणून?"

"म्हणजे ती चौघं आपल्याहून भरली ठरली. वाटा तिचा." तिने पदराशी चाळा केला, मग अचानक शांत झाली. ती शांत झाली की मला भीती वाटते. "सात माणसं उभी करायची. कुठूनही."

आम्ही शोधलं. रखवालदाराची रविवारी ड्यूटी. शिक्षिका दार उघडत नव्हती. गोदामातले हमाल म्हणाले, आठवडाभर उचलतोच की. मीटर बघणाऱ्यालाही विचारलं असतं, पण तो महिन्याच्या एक तारखेशिवाय सापडत नाही. शेवटी साताच्या खाली तीन लिहून मी वजाबाकी केली, उत्तर आलं चार, आणि मी पेन खाली ठेवलं. आमच्या ओळखीत चार माणसांचं मोकळं घर एकच होतं.

"नाही," बायको म्हणाली.

"ताई आहे ती तुझी."

"म्हणूनच नाही!"

बुधवारी आम्ही त्यांच्या गच्चीवर बसलो होतो. मी सहा नवलकोल भेट म्हणून नेले होते. मेहुणीने ते हातात घेऊन बघितले.

"हातोहात संपतं म्हणत होतीस ना गं?"

"तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवले," बायको दात खाऊन म्हणाली.

मी सगळं सांगितलं. सात माणसं, सात ओळी, रविवार, आणि त्या दिवशी कोण कुणाच्या घरचं हे मोठ्या बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं, तेही. साडू ऐकताना एकदाही हसला नाही. लबाड माणूस गंभीर झाला की समजावं, पण मला समजलं नाही.

"म्हणजे आम्ही तुमचं एकत्र कुटुंब व्हायचं," तो म्हणाला. "एक दिवसापुरतं."

"एक दिवसापुरतं. तुम्ही माझे धाकटे भाऊ."

"धाकटे?" त्याने टकलावरून हात फिरवला. "साडूसाहेब, अकरा महिन्यांनी मोठा आहे मी तुमच्यापेक्षा. शोभेल का? मी थोरला. बाकी माझी काही अट नाही."

"काहीच नाही? भाजीतला हिस्सा वगैरे?"

"छे! घरातल्या माणसाकडून हिस्सा घेतात होय? फक्त चारचौघांत मला दादा म्हणायचं."

मला वाटलं, माणूस मानाचा भुकेला आहे. देऊन टाकू. एक दिवस दादा म्हटल्याने माझी जीभ झडणार नव्हती. जुळ्यांनी मात्र सहज सोडलं नाही.

"काका, म्हणजे आपण खोटं बोलणार?" एक म्हणाली.

"शाळेत सांगितलंय बोलू नका म्हणून," दुसरी म्हणाली.

"बोलायचं काहीच नाही," मी म्हणालो. "तुम्ही मला काकाच म्हणता ना? माझ्या पुतण्या असता तरी काकाच म्हणाला असता. तुमची आई मला भावोजी म्हणते. वहिनी असती तरी भावोजीच म्हणाली असती. कुणाला एक शब्द बदलायचा नाहीये."

"तुम्हालाच बदलायचाय," पहिली म्हणाली. "म्हणून दाखवा. दादा."

म्हटलं. चौघंही हसली. माझी बायको धरून पाच.

रविवारी सकाळी सातला आम्ही शेतावर उभे होतो. मोठ्या बाईंनी गमबूट आपटत येऊन मोजलं. एक, दोन, तीन... सात. त्या इतक्या खूश झाल्या की जुळ्यांच्या पाठीवर एकेक थाप बसली आणि दोघी एकेक पाऊल पुढे गेल्या.

"दोन भाऊ एका छपराखाली! आहे कुठे आजकाल?" मग बाबांकडे वळल्या. "आजोबा, नशीब काढलंत. दोन मुलगे."

"मला?" बाबा म्हणाले. "मला एकच..."

हे माझं चुकलं होतं. सगळ्यांना पढवलं, बाबांना पढवायचं राहिलं. बाबांना आपण बटाट्याला चाललोय एवढंच माहीत होतं. पण साडू तयारीचा गडी. शेडमध्ये न्याहारीसाठी निखाऱ्यात बटाटे भाजत टाकले होते, त्यातला एक त्याने कागदात गुंडाळून आधीच हातात ठेवला होता. तो त्याने बाबांच्या तळहातावर ठेवला, वर मीठ भुरभुरलं.

"घ्या बाबा. गरम आहे, जपून."

बाबांनी बटाट्याकडे पाहिलं. साडूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझे हात रिकामे होते.

"हा माझा थोरला," बाबांनी मोठ्या बाईंना सांगितलं. "हा दुसरा नंतर झाला."

ओळी वाटून दिल्या. बटाटा काढायची रीत धाकट्या मुलाने दाखवली. वाळलेला पाला उपटायचा, कुदळ वरंब्याच्या कडेने लांबून घालायची, माती उलटायची, मग हाताने चाचपून गोळा करायचं आणि लगेच पोत्याखाली झाकायचं. सोपं होतं. साडू पहिल्या दहा मिनिटांत शर्ट काढून बनियनवर आला आणि सपासप सुटला. मेहुणी त्याच्या मागे. माझी बायको मेहुणीच्या मागे, म्हणजे मागे नाही, शेजारी, आणि प्रत्येक कुदळीला एक वीत पुढे जायचा प्रयत्न करत. दोघी बहिणी बोलत नव्हत्या, नुसत्या धापा टाकत होत्या. जुळ्यांनी दोन ओळी मिळून एक खड्डा केला.

मीही सुरुवात चांगली केली. पण साताठ हात पुढे गेलो आणि मागे पाहिलं तर माझे बटाटे कसेही पडलेले. मोठ्याशेजारी लहान, लांबटाशेजारी गोल. मला ते बघवेना. पेशाची सवय, दुसरं काय. म्हटलं, दोन मिनिटं लागतील. मी बांधावर बसून ते लावायला घेतले. मोठे एका रांगेत, मध्यम दुसऱ्या, लहान तिसऱ्या. चौथी रांग संशयास्पद मालाची. प्रत्येक रांगेत दहा-दहाचे गट, मध्ये काडी. फार सुरेख दिसत होतं. मग मला शेजारच्या ओळीतले साडूचे बटाटेही खटकायला लागले. त्याच्या पोत्याखालचे काढून तेही लावले. ऊन वर चढलं. माझी ओळ होती तिथेच होती, पण सबंध बांधावर असे बटाटे मांडले होते की कोणीही येऊन एका नजरेत मोजावेत.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी एका नजरेत मोजले.

"हे कोणी उन्हात मांडलं?"

"मी," मी उठून उभा राहिलो. "आकारवार."

"बटाटा उन्हात हिरवा पडतो रे बाळा. हिरवा बटाटा खात नाहीत." त्यांनी एक उचलून माझ्या नाकासमोर धरला. "झाकायला सांगितलं होतं ना?"

"दादाचे पण काकांनी काढले," पहिली जुळी म्हणाली. मग आठवून म्हणाली, "म्हणजे बाबांचे."

"काका, दादा म्हणा ना," दुसरी म्हणाली. "सकाळपासून एकदाही नाही म्हणालात."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे आणि मग लांबवर दोन ओळी संपवून तिसरीत शिरलेल्या साडूकडे पाहिलं. ती तिसरी ओळ माझी होती, दुसऱ्या टोकाकडून.

दुपारी शेडमध्ये सगळे चटईवर जेवायला बसले. मोठ्या बाईंनी जाडी वही उघडली. जी घरं यादीत राहिली त्यांची उरलेल्या हंगामासाठीची नावं त्या तिथेच लिहितात. आमची पाळी आली तेव्हा बायकोने माझा हात दाबला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

"तुमचं घर राहिलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "सात ओळी पुऱ्या. नाव थोरल्याचं लिहिते."

"थोरल्याचं?" मी म्हणालो. "पण वाटा माझ्या नावावर..."

"तुझ्या कसा? एकत्र घर असलं की वाटा थोरल्याच्या नावावर. फॉर्मच्या मागे लिहिलंय. तेव्हा सहीला तू एकटाच पुढे आलास म्हणून चाललं."

मी साडूकडे पाहिलं. तो नखातली माती काढत होता. विमा विकणारा माणूस, फॉर्म हातात आला की आधी मागची बाजू वाचणार.

"पत्ता सांगतो, लिहून घ्या," तो म्हणाला. "टेम्पो तिकडेच यायला हवा. गच्ची आहे, क्रेट सावलीत राहतात."

बायकोने माझा हात सोडला.

"बाई," ती उठून उभी राहिली, "हे खोटं आहे. आम्ही एकत्र राहतच नाही. आम्ही तिघंच आहोत. यांनी सात म्हणून खोटं सांगितलं. ही माझी बहीण आहे, जाऊ नाही!"

शेडमध्ये चावण्याचे आवाज थांबले. म्हटलं, संपलं. पण मोठ्या बाई हसायला लागल्या. हसता हसता वही मांडीवरून घसरली.

"अगं, माझ्या दोघी सुना आठवड्यातून तीनदा असंच सांगतात. आम्ही वेगळ्या, आमचं काही नातं नाही. जावांचं मी ऐकतच नाही."

"अहो, खरंच सांगतेय ती!" मी म्हणालो. "हा माझा भाऊ नाही, साडू आहे."

"हे बघ. मोठ्या भावाचं नाव लागलं की धाकट्याला तो परका होतो. माझा धाकटाही असाच रुसतो." टेम्पोवाला मुलगा मान खाली घालून खात राहिला. "बाबांना विचारू. आजोबा, थोरला कोण तुमचा?"

बाबांच्या पुढ्यात तोवर चौथा भाजलेला बटाटा होता. सोललेला. त्यांनी न बोलता बोट दाखवलं. बोटाला मीठ लागलं होतं.

"ऊन लागलंय गं तुला, छोटे," मेहुणी माझ्या बायकोला म्हणाली. "पाणी पी. आणि काळजी करू नकोस, गाजरं आली की तुला देईन हो मी."

नाव लिहिलं गेलं. मोठ्या बाईंनी वही मिटताना आठवण करून दिली, "वाटा थोरल्याचा, ओळी मात्र सगळ्या घराच्या. पुढच्या रविवारी बीट. सातच्या सात. रिकामी राहिली तर सगळंच गेलं बघा."

त्या शनिवारी टेम्पो साडूच्या दारात थांबला. तीन क्रेट आणि वर बटाट्याचं पोतं. मेहुणीने फोन करून सांगितलं, ते आमच्या बाबांनी ऐकलं आणि चपला घातल्या. "जरा थोरल्याकडे जाऊन येतो," म्हणाले, आणि पिशवीत दोन जोड कपडे घेतले. साडूने पोतं एकट्याने गच्चीवर चढवलं. शेवटून दुसऱ्या पायरीवर त्याची पाठ धरली. डॉक्टरांनी तीन आठवडे पालथं झोपायला सांगितलं. मेहुणी त्याला शेक देत होती. जुळ्यांच्या तळहातांना फोड आले होते. बाबांनी कळवलं की बीटला ते येत नसतात.

"मग जाऊ दे," मी बायकोला म्हणालो. "त्यांचा वाटा, त्यांच्या ओळी."

"ओळी रिकाम्या राहिल्या तर वाटा तिसऱ्याच कुणाकडे जाईल," ती म्हणाली. "मग तो ताईकडून परत काढायचा कसा मी? तुम्ही जायचं. सातही काढायच्या."

"तू येतेस?"

"मला ऊन लागलंय. ताईच म्हणाली."

रविवारी मी एकटा गेलो. मोठ्या बाई म्हणाल्या, धाकट्याने राग सोडला, बरं वाटलं. बीट बटाट्यापेक्षा सोपे निघाले. दुपारी तीनपर्यंत सहा ओळी झाल्या. सहाव्या ओळीचा शेवटचा क्रेट मी टेम्पोत चढवला, आणि पुढच्या चाकांखाली कसेही पडलेले दोन दगड बघवेनात म्हणून काढून बांधावर नीट लावले. टेम्पो उतारावरून निघाला, मुळ्याचा वाफा ओलांडून शेततळ्यात गेला. क्रेट सगळे भरलेले होते, आणि सातवी ओळ काढायची राहिलीच होती.